जुना खेळ, नवा संगणक आणि वहीतील सात नोंदी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून उतरणाऱ्या वस्तूंचे दोन ढीग होतात. एक ठेवायच्या वस्तूंचा, दुसरा देऊन टाकायच्या वस्तूंचा. सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या घरी गेल्या दिवाळीत एक वस्तू कोणत्याच ढिगात जाईना. तडा गेलेल्या प्लॅस्टिकच्या डबीतील ती एक सीडी होती. डबीवर नाव होते, ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’.

कॉलेजच्या दिवसांत त्या गृहस्थांनी या संगणकीय खेळासाठी कित्येक रात्री जागवल्या होत्या. अकरावीत शिकणाऱ्या मुलाने डबी हातात घेऊन, “पप्पा, हे काय आहे?” एवढेच विचारले आणि वडील अर्धा तास बोलत राहिले. एरवी त्या दोघांचे संभाषण दुकान, मार्क आणि मोबाइल या तीन विषयांच्या पुढे क्वचितच जात असे. त्यामुळे त्या अर्ध्या तासाची घरात सर्वांनीच मनोमन नोंद घेतली.

परंतु मुलाच्या नव्या लॅपटॉपवर तो खेळ सुरू झाला तेव्हा सारा विरस झाला. पडद्यावरील आगगाड्या धक्के खात चालू लागल्या. बाण हलवावा तर तो क्षणभर थांबून मग उडी मारी. इंजिनाच्या शिट्टीऐवजी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येऊ लागला. दहा मिनिटांनी मुलाने लॅपटॉपचे झाकण अलगद मिटले. जुन्या खेळात आता काही राम उरलेला नाही, असाच त्याचा अर्थ होता.

खेळ कसा होता?

‘ट्रान्सपोर्ट टायकून’ हा खेळ मायक्रोप्रोज या कंपनीने १९९४ मध्ये बाजारात आणला. ‘डिलक्स’ ही त्याची सुधारित आवृत्ती पुढल्याच वर्षी आली. स्कॉटलंडचे ख्रिस सॉयर हे त्याचे रचनाकार. चित्रे सायमन फॉस्टर यांची आणि जॅझच्या अंगाने जाणारे संगीत जॉन ब्रूमहॉल यांचे. सॉयर यांनी तो असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिला होता. त्यामुळे त्या काळच्या अशक्त यंत्रावरही शेकडो वाहने एकाच वेळी धावू शकत.

या खेळात तलवार नाही, बंदूक नाही. खेळाडू बँकेकडून कर्ज घेऊन वाहतुकीचा व्यवसाय सुरू करतो. ‘डिलक्स’मध्ये आरंभ १९५० सालापासून होतो. खाणीतील कोळसा वीजकेंद्राला, खनिज लोखंड पोलाद कारखान्याला, तयार माल शहराला आणि प्रवासी एका गावाहून दुसऱ्या गावाला पोहोचवायचे. भाडे किती मिळणार हे मालाचा प्रकार, वजन, अंतर आणि लागलेले दिवस यांवर ठरते. टपाल उशिरा पोहोचले तर भाडे झपाट्याने घसरते, कोळशाला थोडा उशीर चालतो. वर्षाअखेर जमाखर्चाचा तक्ता समोर येतो. त्यात वाहनांचा चालू खर्च, मालमत्तेची देखभाल आणि कर्जावरील व्याज यांचे रकाने वेगवेगळे असतात. व्यापारी घरातील मुलाला हा तक्ता परका वाटण्याचे कारण नाही. म्हणूनच तो मुलाने खेळावा अशी वडिलांची इच्छा होती.

दुकानाच्या संगणकावरील मोह

लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नव्हता. घरात तशी सोय एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे दुकानातील जुन्या संगणकात. तेथे सीडीतील फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून मग लॅपटॉपवर घेतल्या होत्या. खेळ नीट चालत नाही असे दिसताच वडिलांनी ओळखीच्या एका संगणक दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला दुकानात बोलावले. त्याने सुचविलेला उपाय सोपा होता. खेळ दुकानातील संगणकावरच टाकायचा, अँटिव्हायरस तासाभरासाठी बंद करायचा आणि त्याच्याकडील एक ‘दुरुस्तीची फाइल’ चालवायची. ती फाइल कोठून आली हे त्यालाही सांगता आले नाही.

दुकानाचे हिशेब पाहणाऱ्या गृहिणी तेथेच बसल्या होत्या. त्यांनी माउसवर हात ठेवला आणि शांतपणे विचारले, “या मशीनवर आणखी काय काय आहे?” त्याच संगणकावर टॅलीमधील सारी खाती होती. जीएसटीची विवरणपत्रे तेथूनच भरली जात. शेतकऱ्यांचे आणि अडत्यांचे येणे-देणे तेथेच नोंदलेले होते. नेटबँकिंगही तेथूनच होत असे. तीस वर्षांपूर्वीच्या खेळासाठी तिजोरीचे दार तासभर उघडे ठेवण्यासारखाच तो प्रकार होता. गृहस्थ ओशाळले. तरुणाला चहा देऊन निरोप दिला गेला.

ही गोष्ट प्रत्येक व्यापारी कुटुंबाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुन्या खेळांच्या ‘दुरुस्ती’ फाइली आणि कुलूप तोडलेल्या प्रती यांच्या आडून पासवर्ड चोरणारे किंवा सारा विदा कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम घरात शिरतात. अँटिव्हायरस बंद करण्याची अट घालणारा उपाय हा उपाय नसून धोक्याची सूचना असते. ज्या यंत्रावर दुकानाची खाती आहेत, त्यावर खेळ असूच नये.

दोष जुन्याचाही नाही, नव्याचाही नाही

सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर त्या संध्याकाळी तिघेही लॅपटॉपभोवती बसले. प्रथम मुलाने जी माहिती जमवली होती ती समजून घेणे झाले.

हा खेळ मुळात डॉस या जुन्या प्रणालीसाठी लिहिलेला. त्या काळी प्रोग्राम थेट यंत्राच्या भागांशी बोलत असे. आवाज काढायचा तर साउंड ब्लास्टर या कार्डाचा पत्ता २२०, त्याचा आयआरक्यू ७, डीएमए १ असे आकडे द्यावे लागत. हे आकडे चुकले की खेळ मुका होई. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम मुळी चालतच नाहीत. त्यासाठी ‘डॉसबॉक्स’ नावाचा विनामूल्य प्रोग्राम वापरतात. २००२ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला. नव्या संगणकाच्या पोटात तो एक जुना संगणक उभा करतो. जुना प्रोसेसर, जुने साउंड कार्ड, जुना पडदा, सारे काही तो सॉफ्टवेअरमधून वठवतो.

नाटकातील एकच नट चार भूमिका करीत असेल तर वेष बदलायला त्याला वेळ द्यावा लागतो. डॉसबॉक्सचे तसेच आहे. प्रोसेसरच्या भूमिकेत त्याला प्रमाणाबाहेर राबवले, तर साउंड कार्डाच्या भूमिकेत तो वेळेवर हजर होत नाही. खेळ अडखळतो तो येथे, आणि आवाज फाटतो तोही येथेच.

आवाजाची तक्रार आधी का येते, हेही समजण्यासारखे आहे. डॉसबॉक्स नेहमीच्या मांडणीत सेकंदाला ४४,१०० या गतीने ध्वनीचे नमुने पुरवतो. पडद्यावरील एखादे चित्र उशिरा आले तर डोळा ते चालवून घेतो. ध्वनीची साखळी मात्र क्षणभर तुटली तरी कानाला तडतड ऐकू येते. म्हणून पुरवठा आणि मागणी यांच्यामध्ये थोडा साठा ठेवतात. त्याला बफर म्हणतात. हळदीच्या गोदामात गिऱ्हाइकांसाठी चार पोती नेहमी शिल्लक ठेवावीत, तसाच हा प्रकार. साठा फार कमी ठेवला तर माल संपतो आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतते. साठा फार वाढवला तर माल पडून राहतो, म्हणजे शिट्टी गाडी सुटून गेल्यावर वाजते.

एका वेळी एकच बदल

मुलाने तोवर निरनिराळ्या सेटिंगांमध्ये एकाच बैठकीत दहाबारा बदल करून पाहिले होते. त्यातील कशाने काय झाले हे त्यालाच सांगता येईना. तेव्हा गृहिणींनी दुकानातून एक कोरी वही आणवली. ताळेबंद जुळत नसेल तर त्या दहा नोंदी एकदम खोडत नाहीत. एक नोंद तपासायची, फरक पडला का पाहायचे, नसेल तर ती पूर्ववत करून पुढे जायचे, अशी त्यांची रीत. तीच येथे चालवायची ठरली. आधी सेटिंगच्या फाइलची एक प्रत वेगळी ठेवली. प्रत्येक परीक्षेसाठी खेळाचा एकच जतन केलेला प्रसंग, एकच गजबजलेले स्थानक आणि पाच मिनिटे, असे ठरले.

नोंद पहिली: तडतड कशात आहे? खेळाचे संगीत स्वच्छ येत होते, फक्त शिट्ट्या आणि गाड्यांचे आवाज फाटत होते. संगीत जनरल मिडी पद्धतीने विंडोजच्या स्वतःच्या वाद्यसंचातून वाजत होते आणि इतर आवाज डॉसबॉक्सच्या मिश्रकातून येत होते. म्हणजे स्पीकर आणि ध्वनीचे यंत्र निर्दोष. नवा स्पीकर आणण्याचा वडिलांचा विचार येथेच रद्द झाला.

नोंद दुसरी: लॅपटॉप बॅटरीवर आणि बॅटरी वाचविण्याच्या अवस्थेत चालू होता. त्या अवस्थेत प्रोसेसर मुद्दाम सावकाश चालवला जातो. चार्जर जोडून ती अवस्था बंद केली. धक्के थोडे कमी झाले. बदल कायम.

नोंद तिसरी: ब्राउझर आणि मागे चालणारे इतर प्रोग्राम बंद केले. फरक नाही. पूर्ववत.

नोंद चौथी: डॉसबॉक्सच्या खिडकीच्या माथ्यावर ‘सायकल्स’ नावाचा आकडा दिसतो. जुन्या प्रोसेसरच्या किती आज्ञा दर मिलिसेकंदाला वठवायच्या, हे तो सांगतो. कंट्रोल आणि एफ१२ या कळांनी तो वाढतो, कंट्रोल आणि एफ११ या कळांनी उतरतो. आकडा जितका मोठा तितका खेळ वेगवान, अशा समजुतीने मुलाने तो ३ लाखांच्या पुढे नेऊन ठेवला होता. यंत्राची तेवढी कुवत नव्हती. आकडा ३०,००० वर आणला आणि गाड्या रुळांवरून पाण्यासारख्या सरकू लागल्या. वेग उतरवल्यावर खेळ जलद झाला, हे पाहून तिघेही थक्क झाले. या एका नोंदीने बहुतेक काम झाले. बदल कायम.

नोंद पाचवी: गर्दीच्या शहरात अजून मधूनमधून तडतड होती. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘प्रीबफर’ हा साठ्याचा आकडा मिलिसेकंदांत असतो. तो २५ वरून ५० केला. तडतड कमी झाली, पण गेली नाही. बदल कायम.

नोंद सहावी: त्याच फाइलमध्ये ‘ब्लॉकसाइझ’ हा आकडा असतो. एका खेपेस किती नमुने पाठवायचे ते यावरून ठरते. १,०२४ नमुन्यांची खेप सुमारे २३ मिलिसेकंद पुरते, २,०४८ ची सुमारे ४६. खेप दुप्पट केली. तडतड संपली. बदल कायम.

नोंद सातवी: शिट्टी आता स्वच्छ होती, परंतु कानात मुलाने बिनतारी इअरफोन घालताच ती स्पष्टपणे उशिरा ऐकू आली. ब्लूटूथवरून ध्वनी पाठवायला लागणारा वेळ वरच्या साठ्यात मिळवला की उशीर जाणवू लागतो. तारेचा साधा इअरफोन लावला आणि गाडी सुटताक्षणी शिट्टी वाजली.

एकंदर दीड तास लागला. खर्च शून्य.

विंडोजवरील जुन्या खेळांसाठी

ज्यांच्या माळ्यावरील सीडी डॉसच्या नव्हे, तर विंडोज ९५ नंतरच्या काळातील असेल, त्यांच्या अडचणी थोड्या निराळ्या असतात. त्या काळचे खेळ एका प्रोसेसरसाठी लिहिलेले. अनेक गाभ्यांच्या आजच्या प्रोसेसरवर त्यांतील काहींचा काळाचा हिशेब चुकतो आणि खेळ भरधाव सुटतो किंवा अडखळतो. टास्क मॅनेजरमधून त्या खेळाला एकच गाभा नेमून दिला तर कित्येकदा तो ठिकाणावर येतो. २५६ रंगांचे जुने खेळ नव्या विंडोजवर चित्र काढताना मंदावतात किंवा रंग विस्कटतात. त्यासाठी जुन्या चित्रपद्धतीचे नव्या पद्धतीत भाषांतर करणारे ‘डीजीव्हूडू’सारखे प्रोग्राम आहेत. ते निर्मात्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावेत.

आवाजाच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुष्कळ खेळांचे संगीत संगणकात उतरतच नसे, ते सीडीवर गाण्यांप्रमाणे नोंदलेले असे. सीडी नसली तर संगीतही नाही. दुसरे, २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ध्वनीची व्यवस्था नव्याने रचली गेली आणि साउंड कार्डाला थेट काम सांगण्याची जुन्या खेळांची वाट बंद झाली. त्यामुळे खेळाच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ध्वनीचा पर्याय निवडलेला असेल, तर तो काढून साधा पर्याय घ्यावा. सीडीचे कुलूप तपासणारा एक जुना भाग सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज १० मध्ये ठेवलेलाच नाही. असे खेळ अस्सल सीडी असूनही उघडत नाहीत. तेथे कुलूप तोडलेली प्रत शोधण्यापेक्षा नव्या यंत्रांसाठी तयार केलेली अधिकृत आवृत्ती विकत घेणे केव्हाही स्वस्त पडते.

‘ट्रान्सपोर्ट टायकून’च्या चाहत्यांना आणखी एक सरळ मार्ग उपलब्ध आहे. स्वीडनचे लुडविग स्ट्रिगेउस यांनी २००४ मध्ये ‘ओपनटीटीडी’ हा खुला खेळ प्रसिद्ध केला. मूळ खेळाची रीत राखून तो आजच्या यंत्रांवर थेट चालतो. स्वयंसेवकांनी त्यासाठी चित्रे, आवाज आणि संगीत यांचे विनामूल्य संच तयार केले असून २०१० च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीपासून मूळ सीडीचीही गरज उरलेली नाही. मुलाने तो पर्याय सांगितला होता. पण वडिलांना आधी तीच शिट्टी ऐकायची होती.

शेवटची ओळ

त्या रात्री खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत पहिला रूळ मुलाने टाकला. वडिलांनी सवयीप्रमाणे दोन गाड्या सुचवल्या. मुलाने एकच घेतली, कारण स्थानकावर कोळसा किती साठला होता हे त्याने आधी पाहिले होते. गाडी पोहोचली, भाडे जमा झाले. मग दुसरी गाडी आली, तिसरी आली. कोणाला कोठे वळवायचे यावरून बापलेकांत कडाक्याचा वाद झाला. कित्येक महिन्यांत मार्कांवरून न झालेला असा तो पहिलाच वाद.

गृहिणींना गाड्यांत फारसा रस नव्हता. त्यांनी जमाखर्चाची खिडकी उघडायला सांगितली. शिल्लक भरपूर पडून होती आणि खाली कर्जाचा आकडा पहिल्या दिवशी होता तेवढाच होता. व्याजाचा रकाना दरवर्षी भरत होता. “पैसे पडून आहेत, मग व्याज कशाचे भरता?” त्यांनी विचारले. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांपैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. मुलाने परतफेडीचे बटण दाबले. एका दाबात दहा हजार. आकडा शून्यावर येईपर्यंत तो दाबत राहिला.

रात्री पावणेबाराला लॅपटॉप बंद झाला. वहीत सातव्या नोंदीखाली एक रेघ ओढून गृहिणींनी तारीख घातली आणि लिहिले, ‘कर्ज निरंक’.